मधला म

तिला घरात सगळे भुंगा म्हणत. "भुंगा आली, भुंगा जेवली, भुंगा कुठे उलथली" असलं मराठी त्या घरात बिनदिक्कत चालायचं, व्याकरणाचं काय व्हायचं ते होवो. नाव मामाने ठेवलं होतं. पाळण्यात होती तेव्हापासून ही पोरगी रडायच्या आधी एक लांब हुंकार काढायची आणि रडून झालं की तोच हुंकार जिथे सोडला होता तिथून पुढे चालू करायची. मामा म्हणाला, "ताई, हा भुंगा आहे. आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या कानाशी लागणार बघ." मामा सामान हलवणाऱ्या टेम्पोवर होता. कपाट जिन्यातून वर जाईल की नाही याचा त्याचा अंदाज नेहमी चुकायचा, पण हा मात्र बरोबर निघाला.

वडील ती रांगत असतानाच गेले. आई घरी पायमशीनवर शिवायची. शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, जे येईल ते. खोल्या दोनच. पुढच्या खोलीत मशीन, कापडाचे गठ्ठे आणि गिऱ्हाइकांची ऊठबस; मागच्या खोलीत बाकीचा सगळा संसार. भुंगाचा पाय एका जागी ठरत नसे. डबे, झाकणं, खिडकीचे गज, हाताला लागेल ते ती वाजवून बघायची. बादली अर्धी भरली की आवाज कुठे जातो आणि काठोकाठ भरली की कुठे, हे कळावं म्हणून तिने एकदा न्हाणीघरात इतकं पाणी सांडलं की खालच्या मजल्यावरचे लोक वर भांडायला आले. जेवायला बसली की आधी ताटावर टिचकी. आई म्हणायची, "वाजवायचं नसतं ते, जेवायचं असतं. कार्टीच्या पायाला भिंगरी आहे नुसती."

मग मामाने पायपेटी आणली. एक जुनी शाळा रिकामी होत होती. बाकं, कपाटं, फळे सगळं टेम्पोत चढलं आणि शेवटी ही उरली. पायाने पॅडल मारून भात्यात हवा भरायची, टेबलाएवढी उंच, लाकडाची पेटी. घ्यायला कुणी तयार नाही आणि फेकून द्यायला मामाचं मन होईना. "जिन्यातून सहज जाईल," तो म्हणाला. म्हणजे अर्थातच गेली नाही, जिन्याचा कठडा काढावा लागला. वर आल्यावर ठेवायला जागा मशीनशेजारीच होती. तेव्हापासून आई इकडे पाय मारायची आणि मुलगी तिकडे. दोघींचं एकदम सुरू झालं की खालच्यांना वाटायचं, वर सायकलींची शर्यत लागली आहे.

पेटी तशी धडधाकट होती, फक्त एक पट्टी मुकी. आणि तीही नेमकी मधली. भुंगाने जिथे सा धरला होता तिथून मोजलं तर म जिथे यावा, तिथे बोट ठेवलं की नुसता श्वास यायचा. फुस्स. आतली पितळेची पट्टी कधीकाळी निखळून हरवली होती. दुसरीकडे सा धरला असता तर हा खड्डा निदान दुसऱ्या सुरावर गेला असता, पण हे सांगणार कोण? घरात संगीताचा गंध कुणालाच नव्हता. भुंगा शाळेतली प्रार्थना बसवायला लागली. सा रे ग फुस्स प. सा रे ग फुस्स प. दुपारभर तेच. शेवटी आईने बाही अर्धवट टाकली आणि ओरडली, "अगं, दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं काय ते! हे घे." आणि त्या खड्ड्यात तिने स्वतःच सूर टाकला. "मऽऽ."

चपखल बसला. आईला स्वतःलाच नवल वाटलं. तिने इकडेतिकडे पाहिलं, जणू दुसरंच कुणी गायलं, आणि पुन्हा बाहीला लागली.

तेव्हापासून ठरूनच गेलं. म आला की भुंगा बोट उचलायची आणि शेजारच्या मशीनवरून आईचा म यायचा. तोंडात टाचण्या धरलेल्या असल्या तर नाकातून यायचा. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता यायचा. "कंबर जरा सैल... मऽऽ... ठेवते हं, उद्या न्या." गिऱ्हाइकं आधी दचकायची, मग त्यांनाही सवय व्हायची. एका जाड्या काकूंनी तर एकदा आईच्या आधीच सूर लावला आणि साफ चुकल्या.

याचा परिणाम असा झाला की भुंगाला वाटलं, जगात असंच असतं. सहा सूर पेटीत आणि एक आईकडे. शाळेत संगीताच्या बाईंनी तिला चांगल्या, सगळ्या पट्ट्या बोलणाऱ्या पेटीवर बसवलं. हिने झोकात सुरुवात केली, म आला, बोट उचललं आणि थांबली.

"काय गं, विसरलीस?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. आई नाहीये इथे."

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले. भुंगाला त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. घरी येऊन तिने विचारलं, "आई, बाकीच्यांच्या आया कुठला सूर म्हणतात?"

"बाकीच्यांच्या आयांना कामं असतात," आई म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

पुढे तिच्या शिकण्याला काही धरबंध राहिला नाही. बँडमधल्या एका वादकाच्या मागे लागून ट्रम्पेट शिकली. तो बिचारा तिला बघितलं की गल्ली बदलायचा. गाण्याच्या एका वर्गात गेली, तिथून दुसऱ्या. वाचनालयातून स्वरलिपीची पुस्तकं आणून, शिवणाच्या कागदी मापांच्या मागच्या बाजूला चाली उतरवायला लागली. कशालाही चाल लावायची. औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेला, बसच्या तिकिटाला, आईने घेतलेल्या मापांना. पण एकही चाल पूर्ण व्हायची नाही. रात्री जीव की प्राण असलेली चाल सकाळी उठल्यावर तिला खोटी वाटायची, मग ती मोडायची, दुसरी सुरू करायची, तीही मोडायची. खरं सांगायचं तर तिला त्याचा त्रास व्हायचा. छातीत काहीतरी सतत वळवळत असल्यासारखं वाटायचं, आणि ते बाहेर काढायला गेलं की हाताला भलतंच काही लागायचं. आई म्हणायची, "एक ना धड, भाराभर चिंध्या. शिंपिणीचीच पोरगी तू."

कॉलेजात असताना तिला सर भेटले. एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत ते चाली बांधायला शिकवायचे. अंगाने काटकुळे, बोलायला तुसडे, पण कान असा की शिष्य जिना चढून येतानाच ओळखायचे, आज रियाज झालाय की नाही. त्यांनी भुंगाच्या चार-पाच चाली ऐकल्या आणि विचारलं, "तुझं आणि मध्यमाचं काही वाकडं आहे का?"

"म्हणजे?"

"एकाही चालीत म नाही. जिथे हवा तिथे तू उडी मारून पलीकडे जातेस. रस्त्यात खड्डा असल्यासारखी."

भुंगाला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. घरच्या पेटीची गोष्ट सांगायची तिला लाज वाटली. नुसतं म्हणाली, "आमच्याकडे जुनी पायपेटी आहे, तिच्यावर शिकले." सर जुन्या पेट्यांचे वेडे. म्हणाले, "मग बघायला येतो."

आले. आईने गठ्ठे उचलून खुर्ची रिकामी केली. भुंगा पेटीवर बसली आणि तिने नुकतीच केलेली चाल धरली. या चालीवर तिचा फार जीव होता, सरांनी "ठीक" एवढं जरी म्हटलं असतं तरी ती आठवडाभर हवेत राहिली असती. आई शेजारी एक पडदा दुमडत होती. म ची जागा आली, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने आईने सूर टाकला. मऽऽ. मोकळा, मोठ्ठा, गिऱ्हाइकांसमोर टाकायची तसा.

सर चमकले. मग हसून म्हणाले, "अरे वा, घरात कोरसही आहे."

ते थट्टेने म्हणाले की कौतुकाने, हे विचारायचीही भुंगाला सवड झाली नाही. शाळेतला तो वर्ग पुन्हा एकदा तिच्या कानात हसला. ती फणकारली, "आई, मध्ये मध्ये करू नकोस ना! कितीदा सांगायचं!"

कितीदा वगैरे काही नाही. एकदाही सांगितलं नव्हतं. आईच्या हातातला पडदा थांबला. "बरं," ती म्हणाली. चहा केला, सरांना दिला, त्यांच्या शर्टाची उसवलेली कॉलर पाहून "ठेवून जा, शिवून देते" असंही म्हणाली. भुंगाने चाल परत वाजवली. म ची जागा आली. फुस्स.

जिन्यात सर तिला म्हणाले, "चाल बरी आहे. पण तू मगाशी बोललीस ना, ते फार बेसूर होतं." भुंगाने मान खाली घातली. वर गेल्यावर माफी मागायची असं ठरवून ती वर गेली, आणि आई नेहमीसारखी "हात धू, जेवायला बस" म्हणाली. तेव्हा राहिलं ते राहिलंच.

महिन्याभरात सरांनी कुठल्याशा मोडक्या पेटीतून पितळेची पट्टी मिळवली आणि मामासमोर स्वतः बसवून दिली. म बोलायला लागला. थोडा किरटा, पण बोलायला लागला. त्या दिवशी भुंगाने मुद्दाम जुनी शाळेची प्रार्थना काढली, म पाशी बोट उचललं आणि आईकडे बघितलं.

आईने मशीनमध्ये दोरा ओवता ओवता वर न बघता म्हटलं, "आता वाजतो की तो. माझं काय काम?"

आई रागावली असती, बोलणं टाकलं असतं, तर भुंगाने पाय धरले असते. पण आई रागावलीच नव्हती. तिने फक्त आपलं सामान उचललं होतं. मायलेकी दोघी एकाच कापडाच्या, मान तुटेल पण वाकणार नाही. पुढे भुंगा पेटीवर बसली आणि म जवळ आला की आई पॅडल जरा जोरात मारायची. मशीनच्या खडखडाटात तो किरटा म बुडून जायचा.

शिक्षण संपलं, नोकरी लागली. घरगुती यंत्रं दुरुस्त करून देणारी एक कंपनी, तिच्या तक्रारींच्या फोनवर. ऑफिस गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणून भुंगाने तिकडेच एक खोली घेतली. दिवसभर कानाला हेडफोन. फ्रिज गार होत नाही, पंखा आवाज करतो, मिक्सर पेटलाच. लाईन मोकळी नसली किंवा तक्रार पुढच्या विभागात द्यायची असली की माणसाला होल्डवर ठेवायचं, आणि होल्डवर एक धून वाजायची. ती धून कुणी केली होती देव जाणे. शेजारच्या सगळ्या हेडफोनांतून ती झिरपायची, चार सुरांचं गिरगिर गिरगिर. भुंगा घरी जाताना तीच गुणगुणायची आणि तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची. जे आवडत नाही तेच तोंडात बसतं. लोक होल्डवरून परत आले की आधीपेक्षा दुप्पट भडकलेले असायचे, आणि तिला ते अगदी बरोबर वाटायचं.

शेवटी तिने ऑफिसातल्या वरच्या मॅडमच्या मागे भुंगा लावला. नवी धून करू द्या, मी करते. मॅडम टाळत राहिल्या, ही सोडेना. "कर बाई," मॅडम एकदाच्या म्हणाल्या. "पण कंपनीचा एक पैसा जाणार नाही, आणि कानसेनने हो म्हटलं पाहिजे."

कानसेन हे त्या ऑफिसातल्या एका माणसाचं पडलेलं नाव. रेकॉर्ड झालेले फोन ऐकायचे आणि कोण कुठे चुकलं ते लिहायचं, हे त्याचं काम. दिवसभर कोपऱ्यात बसून लोकांची भांडणं ऐकायचा, त्यामुळे चेहरा कायम नुकतंच कुणीतरी ओरडून गेल्यासारखा. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, फोनमधलं मात्र सगळं कळायचं. भुंगाने आणलेली पहिली धून त्याने फोनवर लावून तिला ऐकवली. ती हादरलीच. तिचे घुमणारे खालचे सूर गायब, वरची किणकिण म्हणजे नुसती खरखर.

"फोनची तार माणसाच्या बोलण्यापुरती असते," कानसेन म्हणाला. "फार खालचं जात नाही, फार वरचं जात नाही. मधलंच काय ते जातं."

भुंगाला नवीन काही शिकायला मिळालं की तिचे डोळे चमकायचे. तिने कानसेनलाही सोडलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या कोपऱ्यात, सुटल्यावर बसस्टॉपवर, हे का होतं, ते का जात नाही. कानसेन बायकोला म्हणाला म्हणे, "दिवसभर लोक डोकं खातात, ते बरे वाटायला लागलेत."

मग ती धून करायला बसली. फक्त मधले सूर. होल्डवरची धून कुठेही तुटू शकते, म्हणजे तिला शेवट नको. एकही चाल पूर्ण न करणाऱ्या माणसाला याहून चांगलं काम कुठलं? पण तरीही जमेना. केलं, मोडलं, केलं, मोडलं. सुट्टीच्या दिवशी खोलीत येरझाऱ्या घालून तिने शेजाऱ्यांना वेड लावलं. कशात तरी काहीतरी खोटं होतं. शेवटी कंटाळून तिने डोळे मिटून नुसतं वाजू दिलं, आणि ऐकलं तेव्हा कळलं. बोट आपोआप उचललं गेलं होतं. म च्या जागी खड्डा होता. आणि खड्ड्यासकट चाल खरी वाटत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोडावीशी वाटली नाही.

तिला रडू आलं. कारण त्या जागी काय हवं आहे ते तिला पक्कं माहीत होतं, आणि ते कुठल्याच पेटीत मिळण्यासारखं नव्हतं.

कानसेनने ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. "चालणार नाही."

"का?"

"मध्ये आवाज बंद पडतो. लोकांना वाटणार लाईन कटली. फोन ठेवून देतील, परत लावतील, आणि मग आपल्याला शिव्या घालतील. तिथे एखादा सूर टाक की, काय बिघडतं?"

"तिथला सूर माझ्याकडे नाहीये."

कानसेनने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ही पोरगी कामातून गेली. पण तो वाईट माणूस नव्हता. थोड्या वेळाने म्हणाला, "सूर नको तर नको. पण लाईन जिवंत आहे एवढं तरी कळू दे. काहीतरी वाजत राहू दे. टकटक, खटखट, काहीही."

पुढच्या सुट्टीला भुंगा घरी गेली. आई मशीनवर होती. भुंगाने फोन काढून मशीनजवळ धरला.

"हे काय गं?"

"आवाज रेकॉर्ड करतेय. कामासाठी पाहिजे."

आईचे पाय थांबले. "कुणाचा आवाज?"

तुझा, आई. तुझा पाहिजे. भुंगाला इतकंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "मशीनचा."

"मशीनचा पाहिजे होय," आई म्हणाली आणि पाय मारायला लागली. खटखट खटखट. मुद्दाम एकसारखं, थांबा न घेता, पडद्याची लांबच लांब शिवण संपेपर्यंत. संपल्यावर विचारलं, "पुरे?" भुंगा म्हणाली, "पुरे." परतीच्या बसमध्ये तिने स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की शेजारचा माणूस सरकून बसला.

ती खटखट तिने सगळ्या धुनीखाली पसरली. सूर चालू असले की ती ऐकूही यायची नाही. म च्या जागी सूर थांबले की तेवढी उघडी पडायची, कुणीतरी पलीकडे बसून वाट बघत असल्यासारखी. कानसेनने ऐकलं, डोकं खाजवलं, म्हणाला, "लाईन जिवंत वाटते. पण धून अर्धवट वाटते." मॅडम म्हणाल्या, "महिनाभर लावून बघू. लोक फोन ठेवायला लागले तर जुनीच परत."

धून लागली. भुंगाला वाटलं होतं, आता जीव शांत होईल. कुठलं काय! आता तर प्रत्येक फोनला तिचा जीव टांगणीला. माणसाला होल्डवर टाकून परत घेतलं की ती कान टवकारून ऐकायची, हा चिडलाय की नाही. एका म्हातारबांनी विचारलं, "तुमची कॅसेट अडकते का हो मध्येच?" एक बाई म्हणाल्या, "काहीतरी राहिल्यासारखं वाटतं बुवा." बऱ्याच जणांना काहीच वाटलं नाही, त्यांना फ्रिज दुरुस्त करून हवा होता. कानसेन रोज सांगायचा, आज इतक्यांनी ठेवला, आज जरा कमी. बरं चाललंय की वाईट, काही कळायचं नाही. घरी तिने यातलं चकार शब्दाने सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे त्या खड्ड्याचंही सांगावं लागलं असतं. एवढंच की मागच्या भेटीत मामाने आपला फ्रिज घरघरतो म्हणून कंपनीचा नंबर मागितला होता आणि तिने तो दिला होता.

महिना संपत आला होता. एका सकाळी कानसेनने तिला कोपऱ्यात बोलावलं. चेहरा नेहमीपेक्षाही पडलेला. भुंगाने मनात म्हटलं, संपलं, आली जुनी गिरगिर परत.

"हा कालचा फोन," तो म्हणाला. "माणूस होल्डवर असताना त्याच्या बाजूचंही रेकॉर्ड होतं, माहितीये ना? लोक काय काय बोलतात होल्डवर. पण असलं मी आजपर्यंत ऐकलं नाही. वेडी बाई आहे की काय, तूच सांग."

भुंगाने हेडफोन चढवला.

धून चालू होती. तिच्या खाली मशीनची खटखट. म ची जागा आली, सूर थांबले, खटखट उरली. आणि मागून एक पुरुषी आवाज, ओळखीचा, उत्साहाने फुटलेला. "बघ! सांगत होतो की नाही? तुझंच मशीन आहे, ताई! मी फ्रिजसाठी लावला आणि..."

"शू!" दुसरा आवाज म्हणाला. "मध्ये मध्ये करू नकोस."

भुंगाचा हात हेडफोनवर घट्ट दाबला गेला.

धून फिरून पुन्हा आली. पुन्हा ती जागा, पुन्हा ती खटखट. पलीकडून नुसता श्वास, फोनच्या अगदी जवळ धरलेला. धून पुढे गेली. तिसऱ्यांदा आली. सा, रे, ग, आणि सूर थांबले.

"मऽऽ."

हळू होता. वापरात नसलेला, कडेला जरा फाटलेला, पण तोच. फोनच्या तारेत मधलंच काय ते जातं, त्यामुळे तो अख्खाच्या अख्खा आला होता. आणि धून त्याला घेऊन सहज पुढे गेली, तिला आधीपासून माहीत असल्यासारखी.

कानसेन काहीतरी विचारत होता. भुंगाने हात वर करून त्याला थांबवलं. तिचे गाल ओले झाले होते आणि ती ते पुसत नव्हती.

मग रेकॉर्डमध्ये खट्ट आवाज झाला, धून तुटली आणि ऑफिसातल्या मुलीचा ठरलेला गोड आवाज आला. "थांबल्याबद्दल धन्यवाद. आपली तक्रार सांगा."

"अं? तक्रार?" आई गोंधळली. "तक्रार नाही हो काही."

"मग आपण फोन कशासाठी..."

"परत होल्डवर ठेवता का जरा?" आई म्हणाली. "मगाशी माझा म थोडा उतरलेला लागला."